पहिलं बक्षीस, चांदीची समई

वीझेनरोट,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

मुक्ता,

तू मला व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक केलंस, फोन उचलत नाहीस, ईमेलचा पत्ताही बदललास. पण पोस्टमनला ब्लॉक करायची सोय जर्मनीतसुद्धा अजून निघालेली नाही, म्हणून कागदावर लिहितेय. अक्षर ओळखून फाडणार असशील तर निदान पहिलं पान वाचून फाड. हॅम्बर्गच्या पावसात तुला दुसरं काम तरी काय आहे?

परवा न्युरेम्बर्गच्या इंडियन स्टोअरमध्ये तुझी वैभवी भेटली. मी मराठीत विचारत होते, ती जर्मनमध्ये उत्तरं देत होती, म्हणजे सगळं पूर्वीसारखंच. एप्रिलमध्ये तू आजी होणार. ही बातमी मला कोथिंबिरीच्या जुड्यांपाशी उभं राहून कळावी याचा रागही आला आणि आनंदही झाला. आनंद जास्त झाला. मग तिने दुसरी गोष्ट सांगितली. तुझं तिकडचं कंत्राट डिसेंबरअखेर संपतंय, तुला लेकीजवळ यायचं आहे, आणि आमच्या राटहाउसने, म्हणजे नगरपालिकेने, जाहिरात दिलेल्या जागेसाठी तू अर्ज केला आहेस. लक्षात ठेव, हे मला वैभवीकडून कळलंय, मी जिची सभासद आहे त्या नगर परिषदेकडून नाही. तो अर्ज आमच्या बंद दाराआडच्या बैठकीत आला की मला त्याबद्दल अवाक्षर काढता येणार नाही, आणि मी काढणारही नाही. म्हणून आत्ताच बोलून घेते.

ही जागा का निघाली ते तुला हॅम्बर्गमध्ये बसून कळणार नाही. फुटबॉल क्लब नाताळात हंसाची सोडत काढतो, अग्निशामक दल डुकराच्या मांडीची, चर्च केकची. सगळे चांगल्या कामासाठी तिकिटं विकतात आणि ऑर्डनुंग्सआम्टमध्ये, म्हणजे परवाने देणाऱ्या खात्यात, ती बघायला कुणी नाही. म्हणून आमचे महापौर हेर क्रेमर यांनी दोन प्रस्ताव आणलेत. एक, धर्मादाय सोडतींचे नवे नियम. दोन, ते राबवायला एक नवीन माणूस. अर्धी परिषद म्हणते माणसाशिवाय नियम कशाला, उरलेली म्हणते नियमाशिवाय माणूस कशाला. दोन्ही बाजूंना समजावून सांगणारी मी एकटी आहे, असं माझं नम्र मत आहे. जाहिरात मंजुरीच्या अटीवर आधीच देऊन टाकलीय, दहा डिसेंबरला मतदान.

आता नको असलेली गोष्ट. प्रस्तावाला एक जोडपत्र आहे, त्यात ‘सन २०१९ची घटना’ म्हणून आपली समई आहे. नाव घातलेलं नाही. ‘मराठी मंडळाच्या तत्कालीन अध्यक्षांनी विजेत्या महिलेच्या घरी जाऊन बक्षीस परत घेतले’ एवढंच वाक्य आहे. पण तेव्हाची अध्यक्ष कोण हे इथल्या बेकरीतल्या मुलीलाही माहीत आहे, आणि ज्या खात्यात तू अर्ज केलास त्याच खात्याच्या कपाटात तो कागद आहे.

काळजी करू नकोस, मी सांभाळून घेते. परिषदेत मी असं सांगणार आहे, म्हणजे तुझ्याही मुलाखतीत विषय निघाला तर दोघींचं एकच येईल. गणपतीत आम्ही शाळेच्या कँटीनला मदत म्हणून सोडत काढायचो आणि पहिलं बक्षीस दरवर्षी चांदीची समई असायची. पहिल्या वर्षी ती मंडळातल्या हृषिकेशला लागली. तो म्हणाला, गणपतीपुढची वस्तू मी घरी कशी नेऊ, आणि त्याने ती मंडळाला परत केली. टाळ्या पडल्या. दुसऱ्या वर्षी ज्यांना लागली त्यांना टाळ्या आठवत होत्या, त्यांनीही परत केली. मग तो रिवाजच झाला. तीच समई चार वर्षं पहिलं बक्षीस राहिली आणि आपल्यापैकी कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. २०१९ला आपण रीतसर परवानगी घेऊन जर्मन शेजाऱ्यांनाही तिकिटं विकली आणि समई फ्राउ डोर्नरना लागली. त्यांनी ती खुशीत पिशवीत घातली आणि घरी नेली. दुसऱ्या दिवशी त्यांना आपल्या पद्धतीची कल्पना देण्यात आली. त्यांच्या भाच्याने तक्रार केली, मंडळाच्या सोडतीवर बंदी आली. यात फसवणूक नव्हती, सांस्कृतिक गैरसमज होता.

कसं वाटतं? मला तर चोख वाटतं. दोन ओळींत कळव.

तुझी (हो, अजूनही)
ऊर्मिला


वीझेनरोट,
रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

मुक्ता,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. आज घड्याळं एक तास मागे गेली, तो फुकट मिळालेला तास तुझ्यावर खर्च करतेय.

दिवाळीला वैभवी आणि तिचा नवरा आमच्याकडे जेवायला आले होते. मीच बोलावलं. रागावू नकोस, मुलीला तुझ्या हातची नाही तर निदान माझ्या हातची करंजी मिळायला हवी. पानावर बसल्यावर तिने सांगितलं की तुझी व्हिडिओवर मुलाखत झाली. छान झाली म्हणे. शेवटी त्यांनी २०१९बद्दल विचारलं तेव्हा तू फक्त एवढंच म्हणालीस, “अध्यक्ष मी होते.” पुढे काही नाही. मी विचारलं, गैरसमजाचं काही बोलली नाही का? वैभवी म्हणाली, “नाइन.” आणि माझ्याकडे बघत राहिली. तिला किती माहीत आहे मला कळलं नाही. मी वाढपात लक्ष घातलं.

त्यांची गाडी गेल्यावर मी बिचाऱ्या नवऱ्यावर, सत्यजितवर, उगाच चिडले. खरं तर चीड तुझी आली होती. मी तुला आयतं, नीट बांधलेलं उत्तर पाठवलं आणि तू ते वापरलं नाहीस. मग लक्षात आलं की त्या उत्तरात एक वाक्य असं होतं जे तुझ्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं. ‘कल्पना देण्यात आली.’ कुणी दिली?

बरं, लिहिते. फ्राउ डोर्नरच्या दारात गेले ती मी. हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, सत्यजितला माहीत आहे. चौथ्या माणसाला माहीत नाही. त्या बाईंना साडी नेसलेल्या आपण सगळ्या सारख्याच दिसत असणार, भाच्याने तक्रारीत ‘मंडळाच्या बाई’ लिहिलं, ऑफिसने त्याचं ‘अध्यक्ष’ केलं, आणि कुणीही ते खोडलं नाही. मीही नाही.

पण मी का गेले तेही ऐक. समई माझ्या सासूबाईंची होती. सांगलीहून त्यांनी ती मला दिली होती आणि मी ती मंडळाला दिली. ती गेली असं कळल्यावर त्यांना काय वाटलं असतं? त्यांच्या आईची वस्तू. मी त्यांना काय तोंड दाखवणार होते? मी सून म्हणून गेले, मंडळाची म्हणून नाही. हे तू समजून घ्यायला हवं होतंस असं मला तेव्हाही वाटायचं, आताही वाटतं.

मी अजूनही परिषदेत सांभाळून घेईन.

ऊर्मिला


वीझेनरोट,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

मुक्ता,

मागची दोन्ही पत्रं फाडली असशील तर बरं झालं. नसशील तर आता फाड आणि हे वाच.

काल दुपारी मी फ्राउ डोर्नरकडे गेले. हेतू साधा होता. मतदानाआधी त्यांना भेटावं, त्यांच्याकडून ‘झालं गेलं विसरलो’ असं दोन ओळींचं लिहून घ्यावं आणि तो कागद परिषदेत फिरवावा. म्हणजे तुझा मार्ग मोकळा, आणि मलाही फार बोलायला नको. मी किती हुशार आहे ते तुला माहीत आहेच. हात हलवत कसं जायचं म्हणून समई घेऊन गेले. ती सहा वर्षं माझ्या कपाटात जुन्या शालीत गुंडाळलेली होती. त्या प्रकारानंतर ती लावायची इच्छा झाली नाही, हेही आता लिहूनच टाकते.

बाई आता अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. चाळीस वर्षं बेकरीच्या काउंटरवर उभ्या राहिल्यामुळे गुडघे गेलेत, नजर मात्र तीच. दार उघडून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “आलीस. ती म्हणाली होती तू येशील. मला वाटलं होतं लवकर येशील.”

मी म्हटलं, कोण म्हणाली होती?

आत नेऊन त्यांनी मला बसवलं. खिडकीत नाताळची कार्डं ओळीने लावलेली होती. पाच. सगळी हॅम्बर्गची, बंदराची, बोटींची. सगळ्यांवर तुझं अक्षर.

मुक्ता, तू मला कधी सांगितलं नाहीस. तू तक्रारीनंतर आठच दिवसांत त्यांच्याकडे गेली होतीस, चकल्यांची बशी घेऊन. तू त्यांची माफी मागितलीस, माझ्या चुकीची. बाईंनी तुला तिथल्या तिथे सांगितलं की दारात आलेली बाई तू नव्हेस. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांचे चेहरे लक्षात ठेवलेली बाई ती, तिला साडी नाही, चेहरा दिसला होता. भाच्याने न विचारता तक्रार केली म्हणून त्या राटहाउसमध्ये जाऊन दुरुस्ती करणार होत्या. तू त्यांना थांबवलंस. तू म्हणालीस, मार्चमध्ये निवडणूक आहे, आमच्यातली एक बाई पहिल्यांदा उभी आहे, ती निवडून येऊ दे. नंतर ती स्वतःच सांगेल.

नंतर ती स्वतःच सांगेल. हे त्यांनी जर्मनमध्ये सांगितलं, पण मला ते तुझ्या आवाजात ऐकू आलं.

मार्च २०२०मध्ये मी निवडून आले त्या आठवड्यात तुझा फोन आला होता. तू फक्त म्हणालीस, “अभिनंदन. आता सांग.” मी काय म्हणाले आठवतंय ना? मी म्हणाले, अगं, सगळीकडे कोरोना आहे, लोकांना समईचं काय पडलंय. तेव्हा ते अगदी बरोबर वाटलं होतं. मग उन्हाळ्यात म्हणाले, जरा स्थिरस्थावर होऊ दे. मग तू हॅम्बर्गला गेलीस आणि कपिल, जो तुझ्यानंतर अध्यक्ष झाला, तो मंडळाच्या सभेत म्हणाला की मुक्ताताईंमुळे आपली सोडत बंद पडली. मी तिथे समोरच्या रांगेत बसले होते. मी पाण्याची बाटली उघडली आणि प्यायले.

मी समई टेबलावर ठेवली आणि बाईंना म्हटलं, ही तुमची. मनात कुठेतरी वाटत होतं की त्या नको म्हणतील, राहू दे म्हणतील. त्या उठल्या, समई उचलली, खिडकीत कार्डांच्या मधोमध ठेवली आणि म्हणाल्या, “गेनाऊ, अगदी बरोबर. मी ती जिंकले होते.” मग त्यांनी मला कॉफी दिली.

‘झालं गेलं विसरलो’ असं लिहून मागायला माझी जीभ रेटली नाही.

ऊर्मिला


वीझेनरोट,
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

मुक्ता,

आज लहान पत्र. सांगलीला फोन लावला. सासूबाईंना, म्हणजे आमच्या शोभनाबाईंना, आता चौऱ्याऐंशी लागलं. कानाला कमी येतं, बाकी सगळं शाबूत आहे. मी म्हटलं, “अहो आई, तुम्ही दिलेली समई मी एका जर्मन बाईंना दिली. त्यांना ती सहा वर्षांपूर्वी सोडतीत लागली होती आणि मी परत आणली होती.”

त्या म्हणाल्या, “परत का आणलीस?”

मी म्हटलं, तुमच्या आईची वस्तू, तुम्हाला वाईट वाटलं असतं.

तिकडे कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाल्या, “अगं, मी तुला दिली तेव्हाच ती माझी राहिली नाही. तू देवाला दिलीस तेव्हा तुझी राहिली नाही. मी कधी विचारलं का तुला, समई कुठाय म्हणून?”

नाही विचारलं. एकदाही नाही. दुसऱ्या पत्रात मी तुला लिहिलं की मी सून म्हणून गेले. ते खोटं होतं, आणि तुला ते वाचतानाच कळलं असणार. खरं काय ते लिहिते. मी ती समई पहिलं बक्षीस म्हणून लावायचे कारण ती परत येणार हे मला ठाऊक होतं. दरवर्षी माइकवर ‘ऊर्मिलाताईंकडून चांदीची समई’ असं जाहीर व्हायचं, मी हात जोडायचे, आणि संध्याकाळी समई माझ्याच गाडीच्या डिकीत असायची. एकदाही मी ती खरी दिलेली नव्हती. फ्राउ डोर्नरनी ती खरोखर घेतली, तेव्हा मला चोरी झाल्यासारखं वाटलं. माझी वस्तू आहे म्हणून मी त्यांच्या दारात गेले. याला सांस्कृतिक गैरसमज म्हणत नाहीत. मराठीत याला जे म्हणतात ते तुला माहीत आहे.

मी ठरवलंय. दहा तारखेला परिषदेत बोलणार आहे. सत्यजितला सांगितलं तर तो म्हणाला, “आल्झो, बरं, बोलायचंच असेल तर मार्चनंतर बोल ना. आठ मार्चला इलेक्शन आहे.” मी म्हटलं, तू मागच्या वेळीही हेच म्हणाला होतास. तो म्हणाला, “मी तेव्हाही चुकलो होतो.” हे कबूल करायला नवऱ्याला सहा वर्षं लागली, पण मार्क देऊन टाकले.

आणि हो, घाबरलेले नाही. तू मला ओळखतेस. माइक समोर असला की मला काही सुचायचं राहत नाही. सहा वर्षं फक्त हे एकच सुचलं नव्हतं.

ऊर्मिला


वीझेनरोट,
गुरुवार, ११ डिसेंबर २०२५

मुक्ता,

काल संध्याकाळी सहाला बैठक सुरू झाली. प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर सहसा दोन निवृत्त गृहस्थ आणि स्थानिक पेपरची एक मुलगी असते. काल तिसऱ्या रांगेत फ्राउ डोर्नर होत्या, काठी मांडीवर आडवी धरून. मी बोलावलं नव्हतं. त्यांनी बातमीपत्रात विषयसूची वाचली होती.

एक ते चार नियमांवर खूप करमणूक झाली. फुटबॉल क्लबवाल्यांना हंस जिवंत द्यायचा की साफ करून हे नियमात नको होतं. अग्निशामक दलाचे म्हणाले, आम्ही आग विझवायची की फॉर्म भरायचे. मी त्यांना सांगितलं की फॉर्म एकच पानाचा आहे आणि आग त्याहून मोठी असते, त्यावर सगळे हसले. मी रंगात होते. मग पाचवा नियम आला. ‘बक्षीस विजेत्याच्या हाती द्यावे. आयोजकाने ते परत मागू नये.’

विरोधी पक्षाचे एक सभासद म्हणाले, हा नियम कशाला हवा, जिंकलेलं बक्षीस परत कोण मागतं? ऑर्डनुंग्सआम्टच्या प्रमुख बाईंनी जोडपत्र वाचायला घेतलं. “सन २०१९मध्ये मराठी मंडळाच्या तत्कालीन अध्यक्षांनी...”

मी माइकचं बटण दाबलं. लाल दिवा लागला. घरी मी अर्ध्या पानाचं भाषण लिहून ठेवलं होतं, ते पर्समध्येच राहिलं. मी म्हटलं, “हे वाक्य चुकीचं आहे. अध्यक्ष गेल्या नव्हत्या. मी गेले होते. समई मी दिलेली होती आणि ती परत आणायलाही मीच गेले. अध्यक्षांना ते दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांनी माझ्या वतीने माफी मागितली, आणि मी त्यांच्या नावावर ते सहा वर्षं राहू दिलं, कारण मला या खुर्चीत बसायचं होतं.”

हेर क्रेमर यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्यांनी विचारलं, “हे इतिवृत्तात घ्यायचं आहे का?” मी म्हटलं, “हो. माझ्या नावासकट, आणि त्यांच्या नावासकट.” मी तुझं पूर्ण नाव स्पेलिंग करून सांगितलं. लिहिणाऱ्या बाईंनी ते परत वाचून दाखवलं.

नियम तुला ठाऊकच आहे, ज्या विषयात आपला स्वतःचा संबंध येतो त्यात सभासदाने मत द्यायचं नसतं, टेबल सोडून प्रेक्षकांत बसायचं असतं. मी उठले. तेवीस जणांच्या नजरांसमोरून ते पाच-सात मीटर चालायला बराच वेळ लागला. फ्राउ डोर्नरच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. बसले, तर त्यांनी माझ्याकडे न बघता पर्समधून खोकल्याची एक गोळी काढून माझ्या हातावर ठेवली. तिथे मला रडू आलं. कुणाला दिसलं असेल तर दिसलं.

पाचवा नियम मंजूर झाला. नवी जागाही मंजूर झाली, एकोणीस विरुद्ध चार. ती जागा कुणाला द्यायची हा विषय नंतर बंद दाराआड होता. मी हेर क्रेमरना सांगितलं की त्यातही मी बसणार नाही, आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये कोटांच्या खुंट्यांखाली बसून राहिले. त्यामुळे आत काय ठरलं ते मला खरंच माहीत नाही. माहीत असतं तरी लिहिलं नसतं, पण माहीत नाही. राटहाउसचं पत्र तुला राटहाउसच्याच पाकिटातून येईल, काहीही असलं तरी.

आमच्या गटाचे नेते कोट घालता घालता माझ्याशी बोलले. मार्चच्या यादीत माझं नाव चौथं होतं, ते आता चोविसावं करणार आहेत, म्हणजे शेवटचं. मतदारांनी खालून वर उचललं तर येईन, नाही तर नाही. त्यांना वाटलं मी वाद घालीन. मी म्हटलं, चोविसावी तर चोविसावी, पोस्टरवर तेवढा जुनाच फोटो लावा, त्यात मी बरी दिसते. गाडीत बसल्यावर मात्र वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, ही खुर्ची मला आवडते. मी त्यात चांगली आहे. पण ज्या किमतीला ती मिळाली होती ती किंमत तू मोजत होतीस.

कपिललाही फोन केला. त्याने मंडळाच्या सभेत सगळ्यांना सांगायचं कबूल केलंय. मी म्हटलं, तू नको, मीच सांगते, सवय झालीय.

मुक्ता, मला तुझी माफी मागायची आहे. हे वाक्य पहिल्या पत्राच्या पहिल्या ओळीत असायला हवं होतं. त्याऐवजी मी पोस्टमनवर विनोद केला. माझं चुकलं. तेव्हाही, आणि त्यानंतर रोज.

इथे सगळ्यांच्या खिडक्यांत नाताळचे दिवे लागलेत. बेकरीच्या गल्लीतल्या एका खिडकीत समई आहे. बाई तिच्यात मेणबत्ती लावतात, तेल नाही. मी काही बोलले नाही. त्यांची वस्तू आहे.

ऊर्मिला


हॅम्बर्ग,
सोमवार, २९ डिसेंबर २०२५

ऊर्मिला,

पाचही पत्रं मिळाली. पहिलं फाडलं होतं. तिसरं आल्यावर ते चिकटपट्टीने जोडलं.

राटहाउसचं पाकीट शनिवारी आलं. दोन फेब्रुवारी, सोमवार, सकाळी आठ वाजता हजर व्हायचं आहे.

बैठकीचं इतिवृत्त शहराच्या वेबसाइटवर आहे. मी ते छापून घेतलं. माझं नाव बरोबर लिहिलंय, तुझंही. वैभवीला फोनवर वाचून दाखवलं तर ती चक्क मराठीत म्हणाली, “आई, मग तू का नाही बोललीस?” मी म्हटलं, मला वाटलं होतं ती सांगेल. तेवढंच होतं, ऊर्मिला. जागा, मंडळ, लोक काय म्हणतात, त्याचं मला तितकं नव्हतं. मी एका म्हाताऱ्या बाईला तुझ्याबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगून आले होते आणि ती दरवर्षी थोडी थोडी खोटी ठरत होती. तिला कार्ड लिहिताना मला दरवर्षी लाज वाटायची. या वर्षी नाही वाटली.

तुला माफ केलंय की नाही ते मला अजून समजलेलं नाही. सहा वर्षं मी भांडी घासताना तुझ्याशी भांडते, ती सवय पाच पत्रांनी जाणार नाही. पण यंदा कार्ड लिहून झाल्यावर मी भांडी घासली आणि मनात काही आलं नाही. नुसती भांडी घासली.

स्टेशनवर येऊ नकोस, वैभवी येणार आहे. भेटायचं असेल तर ऑफिसात ये, टेर्मिन घेऊन, म्हणजे आधी वेळ ठरवून, आणि गणपतीच्या सोडतीचा फॉर्म भरून आण; नव्या नियमांखाली मंडळालाही पुन्हा अर्ज करता येतो. एकच पान आहे, असं तूच सांगितलंस म्हणे. पहिल्या बक्षिसाचा रकाना मी नीट बघणार आहे. तिथे असं काहीतरी लिही, जे परत आलं नाही तरी तुला चालेल.

मुक्ता